गूगल स्कॉलर की स्कोपस?

पीएचडीसाठी मार्गदर्शक शोधणाऱ्या भाचीने विचारलं, "मामा, परिसरशास्त्रज्ञाचं काम कुठे बघू? दोन्हीकडे आकडे वेगळे येतात."

वेगळे येणारच. दोन्ही संशोधन शोधायच्या ऑनलाइन सोयी; एखाद्या निबंधाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला (म्हणजे सायटेशन) तेही त्या मोजतात. स्कॉलर इंटरनेटवर सापडेल ते मोजतं: शोधनिबंध, पुस्तकं, प्रबंध, अहवाल. स्कोपसचा भर निवडलेल्या नियतकालिकांवर. परिसरशास्त्रात हा फरक फार जाणवतो. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचा बॉसर्ट यांच्यासोबतचा १९७० चा जीवनक्रमाच्या उत्क्रांतीवरचा निबंध नियतकालिकातला, त्याची मोजणी दोन्हीकडे होते. पण त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा २०११ चा पश्चिम घाट अहवाल सरकारी; तसल्या कामाचा माग स्कॉलरवरच नीट लागतो. असे अहवाल वगळले तर आपल्याकडच्या परिसरशास्त्रज्ञाचं निम्मं काम झाकलेलंच राहतं, असं मला मनापासून वाटतं.

अचूकपणात मात्र स्कोपस सरस. स्कॉलरवर सारख्या नावाच्या माणसांचे निबंध एकत्र होतात, एकच निबंध दोनदा दिसतो. एच-निर्देशांक (किमान 'एच' सायटेशन असलेले 'एच' निबंध, असा सगळ्यात मोठा आकडा) त्यामुळे फुगू शकतो. पाच निबंधांना ५०, २०, ६, ४, ३ सायटेशन असतील तर तो ४: किमान चार सायटेशन असलेले निबंध चार. पन्नासवाल्या निबंधाला पाचशे मिळाली तरी तो चारच! म्हणून यादी उघडून वाचायचीच.

खर्च? स्कॉलर फुकट, स्कोपसची वर्गणी संस्था भरते.

मार्गदर्शक निवडायचा तर स्कॉलर. नेमणुकीच्या किंवा अनुदानाच्या अर्जात तपासून घेता येतील असे आकडे द्यायचे तर स्कोपस.