दांडिया बाजारातली जपानी: विचारता येतं, उत्तर कळत नाही

आधी हिशेब. 12 आठवडे, आठवड्याला 2 दिवस, दर वेळी दीड तास. फी 4,800 रुपये, झेरॉक्सचे 150 वेगळे. जागा बडोद्याच्या दांडिया बाजारात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर. शिकवणाऱ्या बाई नऊ वर्षं जपानात राहून आलेल्या. नाव कुठं लिहू नका म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. वर्गात त्यांना ‘सेन्सेइ’ म्हणायचं, पण त्या स्वतःला तसं कधीच म्हणत नाहीत. तो शब्द दुसऱ्यानंच लावायचा असतो, आपणच आपल्याला ‘गुरुजी’ म्हणत नाही तसं.

मी ब्लाउज शिवते, रावपुऱ्यात, 30 वर्षं. वय 57. जपानीशी माझा काडीचा संबंध नव्हता. लेक जपानात हमामात्सुला असते, जावईबापू तिथं मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. बाळंतपणाला तिनं इकडं यायचं की मी तिकडं जायचं यावर घरात महिनाभर खल झाला. शेवटी तिच्या डॉक्टरांनी विमानाला नाही म्हटलं. त्याच आठवड्यात मशिनवर चादर घातली, गिऱ्हाइकांना ‘दिवाळीनंतर या’ म्हणून सांगितलं आणि या वर्गात नाव घातलं. तेव्हा हे परीक्षण एका गरजू बाईचं आहे, भाषेच्या जाणकाराचं नाही. वर्ग पुरा केला, मग 11 आठवडे जपानात राहून तो चांगला घासून वापरला.

वर्गात आम्ही 9 जण. एक निवृत्त काका हौसेनं येत, एक बेन नवऱ्याच्या बदलीमुळं, बाकी तरुण मुलं. मुलांचं गणित सरळ होतं. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा 508 किलोमीटरचा मार्ग, तंत्र जपानच्या शिन्कान्सेनचं, बडोद्याला स्थानक आणि प्रशिक्षण संस्थाही इथंच. म्हणजे भाषा येत असेल तर कुठंतरी चिकटता येईल. त्यांना एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. जेएलपीटी नावाची जपानी भाषेची जी परीक्षा असते, तिच्या N5 पासून N1 पर्यंत पाच पातळ्या आहेत, पण एकाही पातळीत बोलण्याची परीक्षा नसते. वाचन, शब्द, व्याकरण, ऐकणं, बस. हा वर्ग मात्र निव्वळ बोलण्याचा. लिपी सातव्या आठवड्यात सुरू होते आणि हिरागानाची 46 अक्षरं संपेपर्यंत वर्गच संपतो. नुसतं N5 काढायचं असेल तर दुसरीकडं जा.

पद्धत अशी: रोज एक प्रसंग. दुकान, स्टेशन, शेजारीण, कचरा, हॉटेल, दवाखाना. बाई कोपऱ्यातल्या टेबलाचा गल्ला करतात, त्यावर लिलो चेवड्याची पाकिटं आणि बाटल्या मांडतात, येनच्या किमतींच्या चिठ्ठ्या लावतात आणि म्हणतात, घ्या विकत. ‘कोरे, इकुरा देस का?’ हे कितीला? पहिल्याच दिवशी मी तीन पाकिटं घेतली आणि बाईंनी 1,000 येनचे सुटे मागितले. आकडे हा एक वेगळाच ताप. त्यांची मोजणी दहा हजारांत चालते. ‘इचिमान’ म्हणजे 10 हजार आणि आपला लाख म्हणजे ‘जुउमान’, दहा वेळा दहा हजार. लाख-कोटीत वाढलेल्या माणसाला पैसे देताना दोन सेकंद हात थांबवावाच लागतो. शिवाय मोजायच्या वस्तूप्रमाणं शब्द बदलतो. सुई, पेन्सिल, बाटली अशी लांबट वस्तू ‘इप्पोन, निहोन, साम्बोन’. कापड, कागद, शर्ट अशी चपटी वस्तू ‘इचिमाइ, निमाइ’. माझं दुकान म्हणजे सगळं माइ आणि पोन! बाकीच्यांना आठवडा लागला, मला एका दिवसात बसलं, कारण बाई ‘बटण’ म्हणाल्या की मी आधी हातानं चाचपते आणि मग मोजते.

मराठी माणसाला या भाषेत काही गोष्टी फुकट मिळतात, आणि बाईंनी त्या हेरून दाखवल्या याचे त्यांना पूर्ण गुण. क्रियापद शेवटी, आपल्यासारखं. ‘ने’ म्हणजे आपला ‘ना’. छान आहे ना, ‘इइ देस ने’. त्यांची ‘त्सु’ ही गुजराती मुलांना काही केल्या जमेना, ‘सु’च यायची. आपल्याकडं चहातला च आणि चुलीतला च वेगळे आहेत, चुलीतला म्हणजेच जवळजवळ त्यांचा त्स. बाईंनी मला उभं करून ‘चूल, चूल, चूल’ म्हणायला लावलं आणि मुलांना म्हणाल्या, तोंड बघा हिचं. आणि त्यांची अक्षरं आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा अशी लागतात. ऐकून काका उठून बसले. ही मांडणी संस्कृत शिकलेल्या बौद्ध भिक्षूंमुळं तिकडं रुजली, म्हणून ती आपल्या बाराखडीच्या नात्यातली.

मला सगळ्यात आवडलेला दिवस निरोपाचा. घरातून निघताना ते ‘इत्ते किमासु’ म्हणतात. शब्दशः ‘जाऊन येते’. आपल्याकडंही ‘जाते’ म्हटलं तर आजी कान उपटते, ‘येते’ म्हणायचं. आणि ‘चोत्तो’ नावाचा शब्द. अर्थ ‘जरा’. पण कोणी ‘चोत्तो…’ म्हणून थांबलं तर ते नाही म्हणतंय असं समजायचं. हे मला शिकवावं लागलं नाही. ‘ब्लाउज परवा मिळेल का?’ ‘जरा अवघडच आहे हो.’ गेली 30 वर्षं मी हेच तर बोलते!

आता खोट. सगळ्यात मोठी आधी सांगते.

हमामात्सुतल्या तिसऱ्या दिवशी जावईबापूंसाठी तयार डबा आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. जाताना वाटेत चार वेळा वाक्य घोकलं. ‘कोरे ओ कुदासाइ.’ हे द्या. पोरीनं डबा यंत्राला दाखवला आणि एका दमात काहीतरी म्हणाली. वर्गात आम्ही शिकलो होतो: ‘फुकुरो वा इरिमास का?’, पिशवी हवी का? तिनं म्हटलं, ‘फुकुरो वा गोरियोउ देस का?’ फुकुरो तेवढं कळलं. 2020 च्या जुलैपासून तिकडं दुकानातल्या प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात, म्हणून गल्ल्यावर दर वेळी विचारतात, एवढं माहीत होतं. मी ‘हाइ’ म्हटलं, म्हणजे हो. मग तिनं आणखी एक विचारलं, शेवटी ‘योरोशिइ देस का’. मी पुन्हा ‘हाइ’. तिसऱ्यांदा कार्डाबद्दल काही. ‘हाइ.’ घरी आले ती पिशवी घेऊन, आणि डबा गरम करून. जावयांना तो गारच हवा होता. तिसरं ‘हाइ’ कशाला होतं हे आजतागायत कळलेलं नाही.

म्हणजे वर्ग प्रश्न विचारायला शिकवतो आणि उत्तराला सोडून देतो. दुकानदार, डॉक्टर, तिकीटबाबू, सगळ्यांची वाक्यं वर्गात बाईच बोलतात, आणि आम्हाला समजावं म्हणून सावकाश, साध्या रूपात बोलतात. तिकडचा दुकानदार गिऱ्हाइकाशी आदरार्थी, लांबण लावून आणि भरधाव बोलतो. त्याची झलक आम्हाला एकदाही मिळाली नाही. वरचं कापड बेतात बसलेलं, पण आत अस्तरच नाही.

दुसरी चूक अर्धी माझी, अर्धी वर्गाची. ‘ब्यो’ आणि ‘बियो’ यांतला फरक. ‘ब्योउइन’ म्हणजे दवाखाना आणि ‘बियोउइन’ म्हणजे केस कापायचं पार्लर. बाईंनी हे सांगितलं, पण जाता जाता, दोन मिनिटांत. लेक दवाखान्यात दाखल झाली त्या सकाळी शेजारच्या बाईंनी दारात विचारपूस केली आणि मी धीरगंभीर चेहऱ्यानं सांगितलं की माझी मुलगी पार्लरमध्ये आहे. त्यांनी आनंदानं केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘इइ देस ने!’ मला वाटलं, यांच्याकडं बाळंतपण असं साजरं करत असतील.

हॉटेलचा धडाही मला पुरला नाही. आम्ही माळकरी. ‘निकु वा ताबेमासेन’, मांस खात नाही, हे पाठ. ‘साकाना मो’, मासेही नाही, हेही. पण तिकडच्या आमटीच्या पाण्यातच माशाचा अर्क असतो. वाळवलेल्या बोनितो माशाच्या चकत्यांचं पाणी काढतात, त्याला ‘दाशि’ म्हणतात. मिसो सूपमध्ये, उदोन नावाच्या जाड शेवयांच्या वाडग्यात, बऱ्याच भाज्यांतही तेच. वाडग्यात मासा दिसत नव्हता, म्हणून मी निर्धास्त. लेकीनं सांगितलं तेव्हा अर्धं संपलं होतं. घरी आल्यावर नुसता भात खाल्ला. ‘दाशि मो दामे देस’, दाशिही चालत नाही, एवढं एक वाक्य वर्गात हवं होतं. शाकाहारी बडोद्यात हे कुणाला सुचू नये?

कचऱ्याचा धडा मात्र लाखमोलाचा. कोणत्या वारी जळणारा कचरा, कोणत्या वारी प्लास्टिक, कोणत्या वारी बाटल्या. मला वाटलं होतं, यासाठी आठवडा कशाला घालवायचा. तिकडं गेल्यावर सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य हेच: ‘क्योउ वा मोएरु गोमि देस का?’ आज जळणारा कचरा का? शेजारीण एका शब्दात उत्तर देई, म्हणून ते कळेही. सहाव्या आठवड्यापर्यंत ती बाटल्यांच्या दिवशी माझ्या दारावर टकटक करू लागली होती.

आणि दवाखान्याचा धडा. वेदनेचे शब्द. त्यांचं दुखणं आपल्यासारखंच दुहेरी बोलतं: ‘झुकिझुकि’ म्हणजे ठसठस, ‘हिरिहिरि’ म्हणजे चुरचुर, ‘चिकुचिकु’ म्हणजे सुई टोचल्यासारखं. या शब्दांचा तक्ता बाईंनी स्वतः केलाय, तीन रकान्यांत, मराठीसकट, आणि तो पाठ करून घेतात. लेकीला टाक्यांचा त्रास व्हायला लागला तेव्हा रात्री जावई घरी गेलेले. ती मराठीत मला सांगे, ‘आई, नुसतं चुरचुरतंय, ठसठस नाही.’ मी नर्सला म्हणे, ‘हिरिहिरि. झुकिझुकि, नाइ.’ व्याकरण वाऱ्यावर! पण नर्सनं लगेच मान हलवली, बघितलं आणि औषध लावून गेली. ‘चिकुचिकु’ हा शब्द तिकडं हातशिलाईलाही वापरतात, हे मला त्याच नर्सनं पुढं एकदा दाखवलं. मी दुपट्याची किनार घालत होते, तिनं बोटांनी सुई धरल्यासारखं केलं आणि म्हणाली, ‘चिकुचिकु.’ तो तक्ता अजून माझ्या मशिनच्या खणात आहे.

परत आल्यावर बाईंकडं गेले, पेढे दिले आणि तोंडावर सगळं सांगितलं. डब्याचं ऐकून हसल्या, दाशिचं ऐकून गप्प झाल्या. म्हणाल्या, मी मुद्दाम हळू बोलते, नाहीतर मुलं दुसऱ्या दिवशी येत नाहीत. मी म्हटलं, नाही आली तर नाही, एक दिवस तरी खरं ऐकू द्या. मग त्यांनी माझ्याच गळ्यात काम घातलं. आता नव्या तुकडीत दर दुसऱ्या शनिवारी गल्ल्यामागं मी बसते आणि बाईंनी लिहून दिलेली पाच वाक्यं भराभर म्हणते. गेल्या वेळी एका मुलानं माझ्या पाचही प्रश्नांना ‘हाइ’ म्हटलं. चेवड्याच्या पाकिटाबरोबर मी त्याला तीन पिशव्या विकल्या.

ज्यांना प्रवासाला, नातेवाइकांकडं किंवा नोकरीला जायचंय, त्यांनी हा वर्ग लावावा, 5 पैकी साडेतीन. ज्यांना परीक्षा द्यायचीय, त्यांच्यासाठी दोन. गणपतीत पाच दिवस सुट्टी, नवरात्रात नऊ रात्री कुणी येतच नाही, तेव्हा नवी तुकडी दसऱ्यानंतर बसते. जिना उभा आहे, कठडा फक्त डावीकडं, आणि चौथी पायरी हलते. गुडघे दुखत असतील तर उतरताना पाठमोरं उतरा.