ट्रिगरचा प्रकार निवडताना: सिंगल ॲक्शन, डबल ॲक्शन आणि स्ट्रायकर

पिस्तूल निवडताना कॅलिबर आणि मॅगझिनमध्ये मावणाऱ्या गोळ्या यांवर बराच खल होतो. ट्रिगरचा विचार मात्र हाताला बरा वाटतो का, एवढ्यावरच आटोपला जातो. नको तेव्हा गोळी सुटण्याची शक्यता कमीजास्त करण्यात ट्रिगरच्या रचनेचा मोठा वाटा असतो. म्हणून कोणत्या क्षणी चूक होण्याचा संभव अधिक आहे आणि ती झालीच तर तिला अडवणारे काय आहे, या दोन कसोट्यांवर हे प्रकार पारखणे इष्ट.

सिंगल ॲक्शनमध्ये ट्रिगरला एकच काम असते, ते म्हणजे आधीच ताणलेला हॅमर, म्हणजे आघात करून गोळी उडवणारी मागची हातोडी, सोडणे. त्यामुळे दाब साधारण दोन ते अडीच किलोचा आणि ट्रिगरची हालचाल अगदी थोडी असते. अचूक नेम साधू पाहणाऱ्यांना ही रचना आवडते ती याचमुळे. अमेरिकी सैन्याने 1911 साली स्वीकारलेले कोल्टचे एम1911 याच जातीचे. ते सज्ज अवस्थेत बाळगायचे झाल्यास हॅमर ताणून अंगठ्याची सेफ्टी लावली जाते. मुठीच्या मागे आणखी एक सेफ्टी असते खरी, पण पकड घट्ट होताच ती दबते, आणि मग सारी भिस्त अंगठ्याच्या खटक्यावर राहते. तो ऐन वेळी उघडायला विसरणे ही एक चूक आणि काम झाल्यावर पुन्हा लावायला विसरणे ही दुसरी. माझ्या मते दुसरी अधिक घातक आहे, कारण त्यानंतर हलक्या ट्रिगरचे पिस्तूल कोणत्याही अडथळ्याविना होल्स्टरमध्ये (पिस्तूल ठेवायच्या म्यानात) जाते.

डबल ॲक्शन आणि सिंगल ॲक्शन यांच्या मिश्र प्रकारात पहिल्या गोळीसाठी ट्रिगरच हॅमर मागे ताणतो आणि सोडतो. हा दाब पाच किलोच्या आसपास आणि लांब असल्याने तो नकळत पुरा होणे अवघड असते. पुढच्या गोळ्यांसाठी हॅमर स्लाइडच्या (नळीवरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागाच्या) हालचालीने ताणलेला मिळतो आणि ट्रिगर एकदम हलका होतो. 1929 च्या वाल्थर पीपीपासून ते 1985 मध्ये अमेरिकी सैन्याने एम9 म्हणून निवडलेल्या बेरेटा 92 पर्यंत अनेक पिस्तुले या पद्धतीची आहेत. पहिली गोळी खाली किंवा बाजूला जाण्याची तक्रार नेहमीची असली, तरी ती सरावाने आटोक्यात येते. खरी जोखीम गोळीबार थांबल्यानंतरची आहे: हॅमर ताणलेलाच असतो आणि डीकॉकर दाबून तो सुरक्षितपणे खाली आणण्याची आठवण धाप लागलेल्या माणसाने ठेवायची असते. मूळच्या सीझेड 75 सारख्या पिस्तुलांना तर डीकॉकरही नाही. तेथे चेंबरमध्ये (नळीमागच्या, गोळी डागली जाते त्या कप्प्यात) गोळी असताना हॅमर अंगठ्याने धरून ट्रिगर दाबावा लागतो आणि अंगठा निसटला तर गोळी सुटू शकते. नवख्याने या प्रकारात डीकॉकर असलेलेच मॉडेल घ्यावे.

याच प्रकाराचा एक फायदा मात्र फारसा सांगितला जात नाही. हॅमर खाली असताना पिस्तूल होल्स्टरमध्ये सरकवताना अंगठा हॅमरवर टेकवून ठेवला आणि शर्टाचे टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरमध्ये अडकली, तर हॅमर मागे येऊ लागल्याचे अंगठ्याला तत्काळ कळते.

ही सूचना स्ट्रायकर पद्धतीत मिळत नाही, कारण तेथे बाहेर दिसणारा हॅमरच नसतो; त्याऐवजी आत स्प्रिंगने ताणलेला स्ट्रायकर नावाचा दांडा पुढे सरकून गोळीवर आघात करतो. ऑस्ट्रियाच्या सैन्याने 1982 मध्ये स्वीकारलेल्या ग्लॉक 17 ने ही पद्धत सर्वदूर नेली. प्रत्येक गोळीला दाब सारखाच, सुमारे अडीच किलो, आणि वेगळा खटका लावण्या-काढण्याची गरज नाही, त्यामुळे ती शिकायला सर्वांत सोपी आहे. ट्रिगरवरील छोटी पट्टी, फायरिंग पिन (गोळीवर आदळणारे टोक) अडवणारी सेफ्टी आणि पडल्यास गोळी सुटू न देणारी सेफ्टी या तिन्ही आपोआप काम करतात. परंतु ट्रिगर दाबला की त्या तिन्ही बाजूला होतात, मग तो बोटाने दाबलेला असो वा कापडाच्या घडीने. शिवाय ग्लॉक खोलताना ट्रिगर दाबावाच लागतो. मॅगझिन काढले पण चेंबर पाहिले नाही, तर साफसफाईच्या टेबलावरच गोळी सुटते. न्यूयॉर्क पोलिसांनी आपल्या ग्लॉकना मुद्दाम सुमारे साडेपाच किलोचा जड ट्रिगर बसवून घेतला होता. त्याची किंमत अर्थातच नेमाच्या अचूकतेने मोजावी लागते.

केवळ डबल ॲक्शनच्या पिस्तुलात प्रत्येक दाब लांब आणि जड असतो. बोटात जोर असेल आणि अंतर कमी असेल, तर त्याचा विचार करावा.

नियमित सराव करणार असाल, तर डीकॉकर असलेला मिश्र प्रकार मला अधिक क्षमाशील वाटतो. सराव बेताचाच होणार असेल, तर स्ट्रायकर घ्यावे, पण ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरसह. मऊ कापडी होल्स्टर या पिस्तुलांसाठी नव्हेच. सिंगल ॲक्शन अंगठ्याचा खटका अंगवळणी पडलेल्यांसाठी ठीक. आणि कोणताही प्रकार घेतला, तरी ट्रिगर हलका करण्यासाठी बाहेरून स्प्रिंग आणून बसवू नये, कारण वर दिलेले दाबाचे सारे हिशेब त्या एका बदलाने निकालात निघतात.