जुना अँटिफाउलिंग रंग काढणारे जेल: सावकाश, पण भरवशाचे

नौकेच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून दिला जाणारा तांबेयुक्त अँटिफाउलिंग रंग दर हंगामाला जुन्यावरच चढवत गेले, की काही वर्षांत त्याची जाड साल तयार होते. मग वरचा नवा थर कितीही उत्तम असला तरी खालचा कच्चा थर सुटताना त्यालाही सोबत घेऊन जातो. माझ्या फायबरग्लासच्या याटचे नेमके हेच झाले होते. सुकाणूजवळचा एक पोपडा नखाने उचकटून त्याची कड पाहिली, तेव्हा निळा, तांबडा, काळा आणि पुन्हा निळा असे थर एकाखाली एक सरळ मोजता येत होते. जुना रंग घट्ट बसलेला असेल तर तो मुळापासून काढण्याची गरज नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. माझ्याकडे मात्र तो पर्याय उरला नव्हता.

मी निवडलेले पेंट रिमूव्हर बेंझिल अल्कोहोलवर आधारलेले, दह्यासारखे दाट जेल आहे. पूर्वी या कामाला सर्रास वापरली जाणारी डायक्लोरोमिथेनची रसायने काही मिनिटांत रंग फुगवत असत, परंतु बंदिस्त जागेत त्यांची वाफ जीवघेणी ठरते, आणि अमेरिकेने 2019 मध्ये घरगुती ग्राहकांना अशा रिमूव्हरची विक्री करण्यावर बंदी घातली. शिवाय ती रंगापाशी थांबत नाहीत, खालच्या जेलकोटलाही, म्हणजे फायबरग्लासवरच्या कडक संरक्षक थरालाही, खातात. जेलकोटची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते, आणि पाणी आत मुरू न देण्याची सगळी मदार त्याच्यावर असल्याने तेथे झालेली चूक नव्या रंगाखाली लपते, पण भरून निघत नाही. म्हणूनच या जेलचा संथपणा मला दोष वाटत नाही. विकत घेण्याचे तेच मुख्य कारण होते.

डब्यावर अर्धा ते एक तास पुरेल असे लिहिले आहे. माझ्या अनुभवात ते खरे ठरले नाही. चिकटपट्टीने आखलेल्या तळहाताएवढ्या चौकोनावर प्रथम चाचणी घेतली, तेव्हा तासाभरात फक्त वरचा निळा थर सुरकुतला. त्यानंतर मी जेलचा थर दुप्पट जाड केला, त्यावर पातळ पॉलिथिन हवा राहू न देता दाबून बसवले आणि चार तास थांबलो. पॉलिथिन सोलताच रंग ओल्या कातड्यासारखा सैल झालेला दिसला आणि पात्याच्या एकाच ओढीत तीन थरांची लांब पट्टी गुंडाळत खाली आली. जेथे पॉलिथिनची कड उघडी राहिली होती तेथे मात्र जेल वाळून रंगाशी एकजीव झाले, आणि तेवढी जागा आधीपेक्षाही चिवट झाली. जेल झाकून ठेवण्याची सूचना डब्यावर बारीक अक्षरांत शेवटी दिली आहे. ती सर्वांत वर, ठळक असायला हवी होती.

खरी तक्रार मात्र वेगळी आहे. ‘फायबरग्लासला सुरक्षित’ एवढेच वाचून मी एक पट्टा रात्रभर तसाच ठेवला. सकाळी जेलकोट शाबूत होता, पण त्यावरचा इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, नखाचा ठसा उमटावा इतका मऊ पडला होता. बेंझिल अल्कोहोल इपॉक्सीलाही सैल करते, हे उत्पादकाने स्पष्ट लिहायला हवे होते. प्रायमर टिकवायचा असेल तर जेल अगदी शेवटच्या थरापर्यंत पोहोचू न देता आधीच खरवडावे आणि उरलेला पातळ थर पाणी लावून पॉलिश पेपरने काढावा.

खरवडण्यासाठी रुंद पाते घेतले तर त्याचे दोन्ही कोपरे कानशीने गोल करून घ्यावेत, कारण जेलकोटवर ओरखडा कोपऱ्यानेच उठतो. कोरडे घासणे पूर्णपणे टाळावे. या धुळीत तांबे असते, आणि नौका जुनी असेल तर सर्वांत खालच्या थरांत पूर्वी अशा रंगांत वापरले जाणारे ट्रायब्युटिल टिनही असू शकते. हे रसायन शिंपल्यांच्या शेतीला इतके घातक ठरले, की फ्रान्सने 1982 मध्ये 25 मीटरपेक्षा लहान नौकांवर ते वापरण्यास मनाई केली. जहाजांवरील जागतिक बंदीचा करार 2008 मध्ये अमलात आला. ओला लगदा त्यामानाने आवरता येतो. मी नौकेखाली जाड ताडपत्री अंथरली होती. पडलेला सगळा रंग आणि धुण्याचे पहिले पाणीसुद्धा त्यावरच गोळा करून घातक कचऱ्यात दिले. वास सौम्य आहे म्हणून हातमोजे आणि बंद चष्मा टाळू नये: तळाखाली मान वर करून काम करताना जेलचा गोळा थेट चेहऱ्यावर पडतो, आणि उभ्या बाजूवर छान धरून राहणारे हे जेल आडव्या तळाखाली फारसे टिकत नाही. तेथे दोन पातळ हात द्यावे लागले.

धुण्याच्या बाबतीत या जेलला मी पूर्ण गुण देईन. कोमट पाणी आणि नायलॉनचा घासणीचा तुकडा एवढ्यावर चिकटपणा गेला. पृष्ठभाग स्वच्छ झाला की नाही हे पाहण्यासाठी त्यावर साधे पाणी सोडावे. पाण्याची चादर अखंड उतरली तर ठीक, जागोजागी थेंब होऊन फाटली तर रसायनाचा अंश शिल्लक आहे आणि नवा प्रायमर तेथेच सुटणार आहे. माझ्याकडे दोन धुण्यांनंतरही पाणरेषेलगत थेंब उठत होते, तिसऱ्या धुण्यानंतर ते थांबले. पुढे तळ पूर्ण वाळू दिला, 80 नंबरच्या पेपरने हलका खरखरीत केला आणि मगच प्रायमरचा डबा उघडला.

एका डब्यात किती क्षेत्र होते याचा उत्पादकाचा आकडा एकाच थराच्या रंगासाठी आहे. माझ्यासारखी जाड साल असेल तर त्याच्या दुप्पट जेल धरावे. मी एका बाजूपुरतेच आणले होते. दुसऱ्या बाजूसाठी हेच जेल पुन्हा मागवले आहे, या वेळी पॉलिथिनच्या मोठ्या गुंडाळीसह.