बादलीत कूपन नव्हतं, तिथेच थांबायला हवं होतं : बनावट इंजिन ऑइलचा 2,48,570 रुपयांचा फटका

हे लिहू की नको, यात चार महिने गेले. लाज वाटत होती. बावीस वर्षं स्टिअरिंगवर बसलेला माणूस ऑइलच्या बादलीत फसतो, हे कोणाला सांगायचं? पण मागच्या आठवड्यात आमच्याच भागातल्या एका गाडीच्या केबिनमागे तसलीच बादली बांधलेली बघितली आणि रात्रभर झोप लागली नाही. म्हणून लिहितोय. तक्रार चालू आहे, त्यामुळे दुकानाचं आणि कंपनीचं नाव देत नाही.

मी निफाड तालुक्यातला. दहा टायर गाडी, 2018 चं मॉडेल, बीएस-4. स्वतः चालवतो, सोबत पुतण्या. कांद्याचा सीझन असला की लासलगाव, पिंपळगावहून हैदराबाद. गाडीचा हप्ता 38,200.

गाडीच्या बाबतीत मी हयगय करणारा माणूस नाही, हे आधी सांगतो, कारण ज्याला त्याला सांगितलं तो पहिलं हेच म्हणतो की तुम्ही मेंटेनन्स नीट केला नसेल. माझ्या गाडीच्या पाट्यांच्या पिना, किंगपिन, जॉइंटचे क्रॉस दर खेपेनंतर ग्रीस होतात. ग्रीस गन मी दुसऱ्याच्या हातात देत नाही. निपलमधून जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं, हे मला माझ्या पहिल्या उस्तादानं शिकवलंय. गिअर बॉक्सला 80 डब्ल्यू 90, हाउसिंगला (मागच्या एक्सलच्या गिअरला) 85 डब्ल्यू 140, इंजिनला 15 डब्ल्यू 40 आणि तेही सीआय-4 प्लसच. नुसतं 15 डब्ल्यू 40 बघून डबा उचलणारे खूप आहेत. तो आकडा फक्त जाडी सांगतो. तेल कुठल्या दर्जाचं ते मागच्या अक्षरांवर कळतं. सीएच-4 हे 1998 चं, सीआय-4 हे 2002 चं, नव्या गाड्यांना चालणारं सीके-4 हे 2016 चं. एवढं मला कळतं. तरी फसलो.

जून महिना. ऑइल बदलीची वेळ झाली होती. मी नेहमी ज्याच्याकडून घेतो त्याच्याकडे वीस लिटरच्या बादलीला 5,900 रुपये पडतात. हायवेलगत दीड वर्षापूर्वी एक नवं दुकान झालंय, बाहेर त्या मोठ्या कंपनीचा बोर्ड, आत कपाटं भरलेली, तीन-चार गाड्या कायम उभ्या. तिथे 4,650 सांगितले. मी विचारलं, एवढं स्वस्त कसं? तो म्हणाला, "दादा, डिस्ट्रिब्युटरचं टार्गेट होतं, त्याचा माल आहे. या लॉटला कूपन नाही, त्या कूपनचे पैसे तुमच्या दरातच कमी केलेत."

कूपन म्हणजे काय ते गाडीवाल्यांना सांगायला नको. या कंपनीच्या बादलीत झाकणाखाली मिस्त्रीसाठी कूपन असतं. आपल्याला त्याचा उपयोग नाही, ते मिस्त्रीच घेतो. तेव्हा मला ते पटलं. मिस्त्रीला जाणारे पैसे मला मिळतायत, यात वाईट काय? दोन बादल्या घेतल्या, 9,300 रुपये. फोनवरून स्कॅन करून दिले. स्क्रीनवर दुकानाचं नाव आलं नाही, कुठल्या तरी बाईचं नाव आलं. घरातल्यांच्या नावावर खाती असतात, म्हणून दुर्लक्ष केलं. बिल मागितलं तर चिठ्ठी दिली, वर "अंदाजपत्रक" छापलेलं, जीएसटी नंबर नाही. इंजिन ऑइलवर 18 टक्के जीएसटी असतो. तो न भरता माल विकणारा माणूस कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरकडून माल आणत असेल का? हा प्रश्न आज पडतोय. त्या दिवशी मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

आता ती वेळ सांगतो. ती मी शंभर वेळा तरी आठवली असेल.

गॅरेजला गाडी लावली, जुनं तेल चेंबरमधून (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यातून) उतरवलं, तिन्ही फिल्टर नवे. मिस्त्रीकडचा पोरगा बादली उघडायला बसला. खऱ्या बादलीच्या झाकणाला कडेनं प्लॅस्टिकची पट्टी असते. ती ओढून तोडावी लागते, तुटताना कडकड आवाज येतो, मग झाकणाखाली स्क्रू ड्रायव्हर घालून एकेक कान उचकटावा लागतो. हाताला लागतं कधी कधी. या पोरानं पट्टी ओढली तर ती दोऱ्यासारखी निघून आली. झाकण अंगठ्यानं उचललं. कडेला दोन ठिकाणी प्लॅस्टिक पांढरट झालेलं, एकदा वाकवून परत बसवल्यावर होतं तसं. पोरानं झाकण उलटं केलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, हिच्यात कूपन नाय."

सोळा-सतरा वर्षांचं पोर. त्याला दिसलं. आणि मी त्याला म्हणालो, "स्कीमचा माल आहे, ओत तू."

दुकानदारानं उत्तर आधीच माझ्या तोंडात घालून ठेवलं होतं. कोणी ना कोणी विचारणार हे त्याला ठाऊक होतं. तेलाला वासही जरा वेगळा होता, जळक्या रॉकेलसारखा. रंग मात्र सोनेरी होता, म्हणून मन निश्चिंत झालं. रंगावर जाऊ नका. जुनं तेल गाळून, साफ करून पुन्हा सोनेरी करता येतं. आणि गाडी चालू झाल्यावर डिझेल इंजिनमध्ये चांगलं तेलही काजळीनं काळं होतंच, तेव्हा नंतर रंग बघून काही कळत नाही. तेल टाकायच्या आधी अर्धा लिटर काचेच्या बाटलीत काढून, तारीख घालून ठेवत जा. माझ्याकडे नशिबानं बादलीत पाचेक लिटर उरलं होतं.

गाडी 6,400 किलोमीटर चालली. मधल्या दोन खेपांत इंजिन गरम असताना, टोलच्या रांगेत आयडलिंगवर ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायचा. रेस दिली की वर. मागच्या वर्षी असंच झालं होतं आणि तेव्हा सेन्सर खराब निघाला होता, 850 रुपयांत काम झालं होतं. यावेळीही तेच असेल असं धरून चाललो. तुम्ही धरू नका. गरम इंजिनवर प्रेशर पडतंय म्हणजे तेल पातळ झालंय किंवा बेअरिंग सुटलंय. साध्या मीटरनं प्रेशर तपासायला मिस्त्री अर्धा तास घेतो.

22 जुलैला सोलापूर सोडलं, गाडीत 18 टन कांदा, वरून पाऊस. नळदुर्गच्या अलीकडे लाल दिवा लागला. बाजूला घेईपर्यंत खालून ठोके चालू झाले आणि इंजिन धरलं, म्हणजे जाम झालं. पुतण्यानं विचारलं, "काका, काय झालं?" मला बोलताच येईना. डिपस्टिक काढली तर तेल लेव्हलला होतं. पण काडीवर थांबत नव्हतं, पाण्यासारखं ओघळून टोकाला येत होतं.

चेंबर उतरवलं तेव्हा तळाशी चकचकीत भुसा. बेअरिंग सोललेली, क्रँकवर ओरखडे, दोन लायनर गेलेले, टर्बोचा शाफ्ट हलत होता.

हिशोब असा. टोचन, म्हणजे बंद गाडी ओढून न्यायचे 11,500. कांदा दुसऱ्या गाडीत पलटी करायची हमाली 8,400. त्या गाडीचं भाडं 24,000. भिजलेल्या आणि मोड आलेल्या मालाचे व्यापाऱ्यानं कापले 17,250. इंजिनचे पार्ट 1,31,600, क्रँक ग्राइंडिंग आणि लेथ 9,800, मजुरी 32,000. लॅबचे 4,720. ऑइलचे 9,300. सगळे मिळून 2,48,570. गाडी दोन महिने उभी, त्या काळात भरलेले हप्ते 76,400, ते यात धरलेले नाहीत. हप्त्यासाठी बायकोची पाटली गहाण आहे, ती अजून सुटलेली नाही. आणि हे सगळं बादलीमागे 1,250 रुपये कमी पडले म्हणून.

विमा? मेकॅनिकल ब्रेकडाउन पॉलिसीत बसत नाही. फोन ठेवायला त्यांना एक मिनिट लागला नाही.

उरलेलं तेल लॅबला दिलं. 40 ग्रेडच्या तेलाची जाडी 100 अंशाला 12.5 ते 16.3 सेंटिस्टोक असायला हवी. माझं 9.1 निघालं. आम्ल मारायची ताकद जवळपास नाहीच. म्हणजे कुणाच्या तरी गाडीतून काढलेलं जुनं तेल गाळून, त्यात पातळ बेस ऑइल मिसळून, माझ्या बादलीत आलं.

रिपोर्ट घेऊन दुकानात गेलो. तो म्हणाला, "ही बादली आमची नाही. बिल दाखवा." चिठ्ठी दाखवली तर म्हणतो, यावर दुकानाचं नाव कुठाय? पैसे ज्या बाईच्या नावावर गेले तिला तो ओळखतही नाही. पक्कं जीएसटी बिल नसेल तर दुकानातून बादली उचलूच नका, आणि स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव येत नसेल तर पैसे पाठवू नका.

मग सरकारी दारं सुरू झाली. पोलीस ठाण्यात पहिला दिवस हद्दीत गेला. गाडी धाराशिव जिल्ह्यात बंद पडली, तिकडे जा. अरे, गाडी कुठंही बंद पडो, फसवणूक दुकानात झाली ना? दुसऱ्या दिवशी म्हणाले, हे दिवाणी आहे. तिसऱ्या दिवशी अर्ज घेतला, शिक्का मारून पोच दिली, गुन्हा नोंदवला नाही. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेत कलम 318 आहे, मी वाचून गेलो होतो. साहेब म्हणाले, ट्रेडमार्कचा विषय आहे, कंपनीनं तक्रार द्यायला पाहिजे, छापा घालायचा तर डीवायएसपी दर्जाचा अधिकारी लागतो आणि आधी रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. कायद्यात तसं आहे, मी नंतर तपासलं. पण मी ट्रेडमार्कची तक्रार घेऊन गेलोच नव्हतो. माझे पैसे घेऊन मला भलताच माल दिला, एवढंच सांगत होतो. सहा चकरा झाल्या. प्रत्येक चकरेला एक दिवस, गाडी उभी असताना.

वैधमापन, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या कार्यालयात गेलो. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बादलीत वीस लिटर होतं का?" होतं. "मग माप बरोबर आहे, आमच्याकडे काही येत नाही." विष जरी वीस लिटर बरोबर भरून दिलं तरी यांचं काम झालं.

कंपनीच्या टोल फ्री नंबरवर अकरा फोन. शेवटी एक सेल्स ऑफिसर आला. उघडलेली बादली बघायला नकार, म्हणे सील तुटलंय. मी दुसरी, सीलबंद बादली पुढे ठेवली. त्यानं झाकण फिरवून बघितलं, बॅच नंबरचा फोटो काढला, कोणाला तरी पाठवला, पाच मिनिटांनी म्हणाला, "हा बॅच नंबर या पॅकिंगचा नाही." मी म्हणालो, एवढंच कागदावर लिहून द्या. "रिपोर्ट वर पाठवतो." तो गेला तो गेला. ज्या कंपनीचं नाव चोरून लोकांची इंजिनं फुकट घालवली जातायत तिला एक ओळ लिहून द्यायला काय होतं? हे मला आजही कळलेलं नाही. त्यांना आपला ब्रँड सांभाळायचाय, माझी गाडी नाही.

ग्राहक आयोगात पहिल्यांदा टेबलावरच सांगितलं की ट्रक म्हणजे व्यवसाय, तुम्ही ग्राहक होत नाही. हे ऐकून परतू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट आहे की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहकच. स्वतः गाडी चालवता हे लायसन्स आणि आरसी जोडून दाखवा. घेतलेल्या मालाची किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. आधी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करून तक्रारीचा नंबर घ्या, तो कागद पुढे उपयोगी पडतो.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती. गॅरेजमध्ये इंजिन उघडून पडलेलं असताना भंगारवाला आला. ऑइलच्या रिकाम्या बादल्या मागत होता. झाकणासकट चांगली असेल तर 120 रुपये, झाकण फुटलेलं असेल तर 40. मी स्वतः बारा वर्षं बादल्या त्याला दिल्या आहेत, झाकण न फोडता, कारण 80 रुपये जास्त मिळतात. त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात आलं की चहाच्या टपरीला पाणी भरायला बादली लागते, तिला झाकणाला 80 रुपये जास्त कोण देईल? बादली, झाकण, लेबल, सगळं खरं असतं. खोटं फक्त आतलं तेल. ते खरं डबडं त्यांना आपणच पुरवतो. तुमच्या गाडीची बादली रिकामी झाली की झाकण मधून कापा, बुडाला तापलेल्या सळईनं भोक पाडा, लेबलवर पाना घासा. मिस्त्रीच्या भरवशावर सोडू नका, तोही विकतो.

ज्या गाडीवर मागच्या आठवड्यात बादली दिसली, त्या ड्रायव्हरला मी हात करून थांबवलं. म्हणालो, दादा, झाकण बघू द्या. त्यानं कालच ओतली होती. कूपन नव्हतं. त्यानंही तेच सांगितलं, स्कीमचा माल. मी त्याला माझा रिपोर्ट फोनवर दाखवला, तो तिथूनच गॅरेजकडे वळला, तेल उतरवायला. त्याची चिठ्ठी आणि उरलेलं तेल त्यानं मला आणून दिलं, आता अर्ज दोघांचा आहे. माझी दुसरी सीलबंद बादली घरात खाटेखाली आहे, वर कापड बांधून, कापडावर पंचांच्या सह्या घेतल्यात. आयोगाची तारीख पुढच्या महिन्यात 14 ला आहे. त्या दुकानातून ज्यांनी ज्यांनी माल घेतलाय त्यांनी आपापली झाकणं फेकू नका.