जेलमधून सुटल्यावर सात महिने राहिलो त्या घराबद्दल (गोवा, म्हापसा साईड)

पहिलंच सांगतो, नाव लिहिणार नाही. सुटलेल्यांसाठी हे घर चालवणाऱ्या संस्थेनंच सांगितलंय की नाव-वाडा टाकू नको, शेजारी आधीच कुरकुरतात. ज्याला गरज आहे त्याला सुटायच्या आधी आतच कळतं, मलाही कोलवाळच्या जेलात आतच कळलं. (बाहेरच्यांसाठी, आग्वादचा जेल 2015 ला बंद झाला आणि तिथले कैदी कोलवाळला आणले. आग्वाद आता म्युझियम आहे, लोक तिकीट काढून आत जातात, कैद्यांना फुकट होतं.)

मी 2019 ला आत गेलो, 2024 च्या मार्चमध्ये सुटलो. केस कसली विचारू नका, केलं होतं आणि भोगलं. घर डिचोलीला, पण आई गेली तेव्हा मी आत, आणि दादा-वहिनीसमोर जायला तोंड नव्हतं. गेटवर माझं पाकीट परत मिळालं, आत दोन हजाराची एक नोट. मी खूश, म्हटलं महिना निघेल. पिलोतवाल्याला (म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला) दिली तर तो हसायलाच लागला, बाबा ही आता कोण घेतो. रिझर्व्ह बँकेनं 2023 च्या मेमध्ये मागे घेतलेली, ऑक्टोबरपर्यंत बँकेत बदलून मिळत होती. आत पेपर येतो, वाचलंही असेन, पण आपल्या पाकिटात तीच पडलीय हे कुठं आठवतंय.

घराशी पोचलो तर ते सांभाळणाऱ्या ताईंनी पिलोतचे पैसे दिले आणि लगेच वहीत माझ्या नावावर लिहिले, पहिल्या पगाराला कापले. मला ते बरं वाटलं, तसेच सोडले असते तर पहिल्याच दिवशी भिकारी झाल्यासारखं झालं असतं.

आता खरं काम. माझा जुना मोबाईल नंबर बंद पडून दुसऱ्या कुणाला गेलेला, आधारला तोच लिंक, म्हणजे माझे ओटीपी कुणा अनोळखी माणसाला. बँकेत दोन वर्षांच्या वर व्यवहार नाही म्हणून खातं इनऑपरेटिव्ह. बँक म्हणते केवायसी करा, केवायसीला पत्त्याचा कागद, आधारवर पत्ता डिचोलीचा आणि तिथं मी राहत नाही, गोल गोल फिरा. ताईंना मात्र कुठलं आधी कुठलं नंतर हे पाठ. आधी अंगठा लावून सिम, मग आधार सेंटरला नंबर बदलला, त्याला कागद लागत नाही फक्त बोटं आणि फी, मग संस्थेच्या लेटरहेडवर पत्त्याचा दाखला, मग बँक. मधे दोनदा मशीननं माझी बोटं घेतलीच नाहीत, गॅरेजवाल्याचे हात. तीन आठवडे गेले. ती नोट म्हापशाच्या पोस्टातून रिझर्व्ह बँकेच्या बेलापूर ऑफिसला पाठवली, फॉर्म आणि आधारची झेरॉक्स लावून. पैसे जमा झाल्याचा एसएमएस आला तो मी अख्ख्या घराला दाखवत फिरलो, एकजण म्हणाला आता पार्टी दे, दिली, रस ऑम्लेट (रश्श्यात बुडवलेलं).

खोलीत तिघं, कपाटाला आपापलं कुलूप. पहिले दोन महिने फुकट, मग महिन्याला दीड हजार. जेवण शीत-कडी, म्हणजे भात-आमटी, बुधवारी आणि रविवारी मासे, बांगडा स्वस्त असला तर बांगडाच बांगडा. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की पाव आणायची पाळी असायची. माझी पहिली पाळी आली तेव्हा गेटापाशी जाऊन उभाच राहिलो, तो विचारतो किती, आणि मला बोलताच येईना, पाच वर्षं कुणी किती विचारलंच नव्हतं, मोजून ताटात पडायचं. शेवटी त्यानंच दहा घातले. आम्ही माणसं आठ. ताई काय बोलल्या नाहीत, दोन मीच खाल्ले.

कौन्सेलर गुरुवारी येतात. मी पहिले दोन महिने नुसतं हो-हो केलं, नंतर आईबद्दल बोललो. त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

तक्रार पण आहे. रात्री 9 ला गेट बंद. अरे गोव्यात काम कुठं, हॉटेलात आणि किनाऱ्यावरच्या शॅकवर, आणि तिथली ड्युटी बाराला सुटते! किनाऱ्याकडच्या एका किचनमध्ये मला घेत होते, पगार चांगला, सोडावा लागला. भांडलो मी ताईंशी. त्यांचं म्हणणं एकाला सूट दिली की सगळे मागणार आणि शेजारी पोलिसात जाणार, तेही खोटं नाही पण नुकसान माझं झालं. शेवटी थिवीच्या बाजूला गॅरेजमध्ये लागलो, पगार कमी. मेमध्ये टाकीला पाणी नव्हतं तेव्हा बारा दिवस बादल्या वाहिल्या, ते तर सगळ्या गावालाच.

चवथीला दादाचा फोन आला, माटोळी (गणपतीवरचं फळा-पानांचं छत) बांधायला ये, माणूस कमी आहे. एवढंच. दोन रात्रींची परवानगी लिहून घेतली आणि गेलो. वहिनी आधी गप्पच होती, मग नारळ दिला हातात सोलायला.

ऑक्टोबरला बाहेर पडलो, आता गॅरेजजवळ भाड्याची खोली आहे. मालकीणबाईंनी विचारलं आधी कुठं राहत होतास, मी ताईंचा नंबर दिला, त्या काय बोलल्या माहीत नाही पण चावी मिळाली.

पाचपैकी चार. एक त्या गेटाचा कापला. जाणार असाल तर पाकिटात काय ठेवलं होतं ते आधीच आठवून ठेवा, आणि जमलं तर स्वतःची उशी न्या, तिथल्या उशा म्हणजे चिरे आहेत.