शॉर्ट कोर्स आरसी ट्रक: सात महिने मुरुमावर चालवल्यानंतर

गेल्या नोव्हेंबरात रिमोटने चालणारा (आरसी), १/१० मापाचा, मागच्या दोन चाकांवर चालणारा शॉर्ट कोर्स ट्रक, म्हणजे मातीवरच्या शर्यतीतल्या ट्रकची छोटी प्रतिकृती, घेतला. २००८ साली ट्रॅक्सास कंपनीच्या स्लॅश या ट्रकने हा प्रकार लोकप्रिय केला; माझा ट्रक दुसऱ्या कंपनीचा, पण घडण तीच. लांब बॉडी, उंच बैठक, चारी चाकांना धक्के झेलणारे तेलाचे शॉक. नागपुरात घरामागच्या मुरुमाच्या मैदानावर आठवड्यातून दोन-तीनदा चालवतो, दोन सेलच्या लिपो बॅटरीवर.

पहिला महिना नुसता पलट्यांचा गेला. जरा वेगात वळवला की ट्रक कुशीवर. मैदानातली पोरं दरवेळी धावत जाऊन सरळ करून द्यायची. वेग जास्त होतोय असं समजून मी हळू चालवत राहिलो, पण मूळ दुखणं उंचीत होतं. ट्रक वीतभर उचलून सोडून पाहिला, तर खाली बसल्यावर मागचे ए-आर्म (चाकाला सांगाड्याशी जोडणारे हात) चाकांकडे उतरते दिसले. ते साधारण जमिनीला समांतर बसायला हवेत. शॉकवरच्या प्रीलोड क्लिपा (स्प्रिंग दाबून ठेवणाऱ्या चकत्या) काढल्या आणि त्याच संध्याकाळी पलट्या निम्म्यावर आल्या. क्लिपा घातल्या की स्प्रिंग कडक होते असं बरेच जण मानतात. तसं नसतं. त्यांनी फक्त उंची बदलते. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांवर ठरलेला असतो.

खरा फरक तेलाने पडला. कंपनीने चारही शॉकमध्ये ३० वेटचं सिलिकॉन तेल भरलं होतं; वेटचा आकडा जितका मोठा, तितकं तेल जाड. उडी मारून उतरताना चासी जमिनीवर थाडकन आपटायची, मग ट्रक दोन-तीनदा उसळायचा. मी पुढे ४० आणि मागे ३५ वेट भरलं. तेल भरणं हे घाईचं काम नाही. पिस्टन सावकाश वरखाली करायचा, शॉक उभा ठेवून दहा-पंधरा मिनिटं बुडबुडे वर येऊ द्यायचे, मगच टोपण लावायचं. आत हवा राहिली तर शॉक दाबताना चुळुक-चुळुक आवाज येतो, तो आला की पुन्हा उघडायचा. पुढचे दोन्ही शॉक दोन हातांत धरून एकदम दाबा. एक भरभर आत गेला आणि दुसरा अडला, तर ट्रक डावीकडे एक आणि उजवीकडे दुसराच वागणार.

एप्रिलच्या शेवटी तीच उसळी परत आली. काही तुटलं म्हणून सगळं तपासलं, सगळं शाबूत. मग लक्षात आलं की आपल्याकडच्या उन्हाने तेल पातळ झालंय. संध्याकाळी सहालाही मैदान तापलेलं असतं. पुढे-मागे ५ वेटने जाड तेल घातलं, म्हणजे ४५ आणि ४०, आणि ट्रक पुन्हा जानेवारीसारखा उतरू लागला. थंड देशांतले लोक सांगतात ते आकडे विदर्भाच्या उन्हाळ्यात जसेच्या तसे चालत नाहीत.

कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या कडेचा कल, चारही चाकांना साधारण उणे १ अंश (किंचित आत) ठेवलाय, सुताराच्या गुण्याने बघून. पुढे टो-इन दिला, म्हणजे पुढच्या चाकांची नाकं किंचित आत वळवली, तेव्हा ट्रक सरळ धावायचा, पण वळायला आळस करायचा; आता शून्य आहे. पुढच्या शॉकचं वरचं टोक एक भोक आत घेतल्यावर खडबडीत वळणावर पुढची चाकं जमीन सोडेनाशी झाली. मात्र एका वेळी एकच बदल करा. मी एकदा कॅम्बर आणि तेल दोन्ही एकत्र बदललं, आणि सुधारणा कशामुळे झाली ते शोधण्यात दोन रविवार गेले.

उडीत बॉडीखाली वारा भरून नाक वर जायचं. बॉडीच्या मागच्या बाजूला दोन मोठी भोकं कापली, बरंच थांबलं.

तक्रारी आहेत. मुरुमाची बारीक धूळ शॉकच्या दांड्यावर बसून तेल अडवणारी रबरी ओ-रिंग खाते. सात महिन्यांत दोनदा बदलल्या. स्टिअरिंगच्या सळयांची प्लॅस्टिकची टोकं सैल झालीत आणि पुढची चाकं हाताने हलवली तर खडखडतात. ही टोकं बदलल्याशिवाय टो मोजण्यात अर्थ नाही, कारण मोजमाप दर वळणाला सरकतं.

नवी टोकं मागवली आहेत. पाऊस पडून हवा थंडावली की शॉकमध्ये पुन्हा ४० आणि ३५ जाईल. त्या बाटल्यांवर महिन्यांची नावं लिहून ठेवली आहेत.