ड्युअलसेन्स घेताना होणारी फसवणूक : आधी ट्रिगर तपासा, मग पैसे द्या

सोनीच्या पीएस५ या गेम कन्सोलचा ड्युअलसेन्स कंट्रोलर साडेतीन हजारांत सेकंडहँड मिळाला. घरी आणून जोडला, चालला. आठवड्याभराने मित्राकडे खेळताना त्याचा कंट्रोलर हातात आला आणि कळलं, की गेममध्ये धनुष्य ताणताना आर२, म्हणजे उजव्या बोटाखालचं ट्रिगर, बोटाला चांगलाच जोर लावायला लावतं. आपलं तर भसकन खाली जातं. विकणाऱ्याचा नंबर तोवर बंद झालेला असतो. ड्युअलसेन्स घेताना फसलेल्यांचं गाऱ्हाणं थोड्याफार फरकाने हेच असतं. घेणारा स्टिक फिरवून बघतो, सगळी बटणं दाबून बघतो, चार्जिंग बघतो. ट्रिगरही दाबतो, पण बटण म्हणून. त्यामागची मोटर जिवंत आहे का, हे बघायचं राहून जातं.

हा कंट्रोलर पीएस५बरोबर नोव्हेंबर २०२०मध्ये आला. भारतात पीएस५ आला २ फेब्रुवारी २०२१ला आणि सुट्या कंट्रोलरची किंमत तेव्हा ५,९९० रुपये होती. पीएस४च्या जुन्या ड्युअलशॉक ४ कंट्रोलरपेक्षा तो महाग का, याचं बरंचसं उत्तर एल२ आणि आर२ या डाव्या-उजव्या ट्रिगरच्या मागे दडलेलं आहे. प्रत्येक ट्रिगरमागे एक छोटी डीसी मोटर असते. तिच्या दांड्यावर वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर, आणि त्याला लागून एक दातेरी चाक. वर्ममुळे वेग उतरतो आणि जोर वाढतो. चाकाचा दांडा पुढे येऊन ट्रिगरच्या पाठीला टेकतो आणि बोटाला अडवतो. कुठपर्यंत मोकळं सोडायचं, कुठे अडवायचं, किती जोराने, आणि कुठे झटक्यात सोडून द्यायचं, हे गेम ठरवते. म्हणून एकच ट्रिगर कधी ब्रेकच्या पेडलसारखं जड लागतं, कधी बंदुकीच्या घोड्यासारखं अडून सुटतं, कधी मशीनगनसारखं थरथरतं. यालाच अ‍ॅडाप्टिव्ह ट्रिगर म्हणतात. मुठीतली थरथरही वेगळी आहे. जुन्या कंट्रोलरमध्ये एका बाजूला वजन लावलेल्या फिरत्या मोटरी असायच्या, यात स्पीकरच्या कॉइलसारखे हलणारे दोन अ‍ॅक्च्युएटर आहेत.

हे सगळं काढून टाकलं तरी कंट्रोलर चालतो! ट्रिगर किती दाबलं हे मोजणारा सेन्सर वेगळा आणि अडवणारी मोटर वेगळी. मोटर मेली, तोडली किंवा मुळात नसलीच, तरी गाडी पळते, गोळी सुटते, मेन्यू चालतो. त्यात ऑनलाइन शूटर खेळणारे बरेच जण घोडा पटकन दाबता यावा म्हणून हा परिणाम स्वतःच सेटिंगमध्ये बंद करून ठेवतात. त्यांच्या हातात मेलेली मोटर वर्षभर राहिली तरी पत्ता लागत नाही. फसवणारा याच फटीतून आत शिरतो.

पहिला प्रकार सरळ नकलीचा. बाहेरून पांढरा-काळा ड्युअलसेन्स, आत ड्युअलशॉक ४ची नक्कल केलेला बोर्ड, साध्या व्हायब्रेशन मोटरी आणि ट्रिगरला नुसती स्प्रिंग. विकणारा तो पीएस४वर, फोनवर किंवा लॅपटॉपवर चालवून दाखवतो. पीएस५वर दाखवायची वेळ आलीच, तर पीएस४ची गेम लावतो. यातली मेख अशी, की ड्युअलशॉक ४ पीएस५ला जोडता येतो आणि त्यावर पीएस४च्या गेम चालतातही, पण पीएस५ची गेम तो घेत नाही. म्हणून 'पीएस५वर चालतो' एवढं ऐकून समाधान मानू नका. कोणती गेम लावली आहे ते बघा.

दुसरा प्रकार जास्त छुपा, आणि जाणकारही यात अडकतात. कंट्रोलर अस्सल असतो. बोर्ड सोनीचा, कवच सोनीचं, बॅटरीसुद्धा मूळची. फक्त ट्रिगरची यंत्रणा गेलेली असते. कधी गिअर झिजलेला, कधी दांडा मोडलेला, कधी रिबन केबल, म्हणजे आतली चपटी वायर, फाटलेली. आणि कधी मुद्दाम काढलेली : स्पर्धेत खेळणारे ट्रिगरच्या जागी माउससारखं 'टिक्' वाजणारं छोटं बटण बसवतात, आणि त्या किटला जागा करायला मोटरचा भाग काढावा लागतो. जाणूनबुजून हवं असेल तर हा बदल चांगलाच आहे. पण पुढे तोच कंट्रोलर परत साधी ट्रिगर लावून 'एकदम ओरिजिनल, कंडिशन बघा' म्हणून विकला जातो, तेव्हा तुम्ही मोटरचे पैसे भरता आणि स्प्रिंग घरी आणता.

तिसऱ्यात माल जसा लिहिला तसाच असतो, फसवतात ते शब्द. 'ट्रिगर व्हायब्रेशन', 'हॉल इफेक्ट ट्रिगर', 'हेअर ट्रिगर' यातलं काहीही अ‍ॅडाप्टिव्ह ट्रिगर नव्हे. एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरमध्ये २०१३पासून ट्रिगरजवळ छोट्या व्हायब्रेशन मोटरी आहेत. त्या बोटाला थरथर देतात, अडवत नाहीत. हॉल इफेक्ट म्हणजे चुंबकाने जागा मोजणारा सेन्सर. घासणारा भाग नसल्याने तो टिकतो, सेगाने १९९६मध्ये सॅटर्नच्या कंट्रोलरमध्ये वापरला होता. पण तो मोजतो, ढकलत नाही. हेअर ट्रिगर म्हणजे ट्रिगरचा प्रवास कमी करणारा अडसर. जाहिरातीत हे तीन शब्द आणि शेजारी ड्युअलसेन्सचा फोटो असला, की घाईत वाचणारा हमखास चुकतो, आणि तक्रार केली तर 'आम्ही कुठे अ‍ॅडाप्टिव्ह म्हटलं होतं?' हे उत्तर तयार असतं.

आता प्रत्यक्ष भेटीत काय होतं ते बघा. ठिकाण बहुतेक वेळा मेट्रो स्टेशनबाहेर किंवा चहाच्या टपरीवर. विकणाऱ्याच्या हातात फोन, फोनच्या ब्राउझरमध्ये गेमपॅड तपासायचं पान. आर२ दाबलं की पडद्यावरची पट्टी शून्यापासून एकपर्यंत भरते. 'बघ भाऊ, ट्रिगर एकदम स्मूथ.' पट्टी खरी असते, पण ती सेन्सरची. मोटरबद्दल ती अवाक्षर सांगत नाही. 'अ‍ॅडाप्टिव्ह दाखवा ना' म्हटलं की उत्तरं ठरलेली : 'या गेमला सपोर्ट नाहीये', 'बॅटरी कमी आहे म्हणून', 'अपडेट मारला की सुरू होईल'. पहिल्या उत्तरात तथ्य असू शकतं, कारण सगळ्या गेम हा परिणाम वापरत नाहीत. म्हणूनच नक्की वापरणारी गेम लावायला सांगायची. अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम प्रत्येक पीएस५मध्ये आधीपासून असते, फुकट असते, आणि ती बनवलीच आहे या कंट्रोलरची करामत दाखवायला. स्प्रिंगचा बेडूक-पोशाख घालून उड्या मारायच्या भागात ट्रिगर बोटाखाली स्प्रिंग दाबल्यासारखं जड होत जायला हवं. डावं आणि उजवं, दोन्ही बघा. एक चालू आणि एक मेलेलं असणं अगदी नेहमीचं आहे.

त्याआधी सेटिंग बघून घ्या, नाहीतर भल्या माणसावर आळ यायचा. सेटिंग्ज, मग अ‍ॅक्सेसरीज, मग कंट्रोलर, तिथे ट्रिगर इफेक्टची तीव्रता बंद किंवा अगदी कमी ठेवलेली असू शकते. ती पूर्ण करून मगच निकाल द्या.

टीव्ही-कन्सोल नसेल तर लॅपटॉप आणि डेटा जाणारी यूएसबी-सी केबल न्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलने काही दिसणार नाही आणि उगाच वाद होईल. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरच्या प्रॉपर्टीज उघडून डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी निवडा. अस्सल ड्युअलसेन्सचा व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ०५४सी आणि पीआयडी (वस्तूचा क्रमांक) ०सीई६ असतो (पडद्यावर हे इंग्रजी अक्षरांत दिसेल). पीआयडी ०५सी४ किंवा ०९सीसी आला, तर समोरची वस्तू स्वतःला ड्युअलशॉक ४ म्हणवते आहे. ०४५ई आणि ०२८ई आलं, तर एक्सबॉक्स ३६०. आयडी खोटाही लिहिता येतो, तेव्हा चुकीचा आला तर व्यवहार तिथेच संपला, बरोबर आला तर तपासणी पुढे चालू. केबल लावल्यावर अस्सल कंट्रोलर विंडोजच्या साउंडमध्ये स्पीकर आणि माइक म्हणूनही दिसतो. पुष्कळ नकलांना हे जमत नाही. शिवाय यूएसबीवरून ट्रिगरला थेट ताण देणारी छोटी सॉफ्टवेअर मिळतात, त्यातलं एखादं घरूनच टाकून न्या. टपरीवर बसून डाउनलोड करायला लागलात, की समोरचा घाई सुरू करतो.

ताण दिल्यावर कानही लावा. चांगल्या कंट्रोलरमध्ये परिणाम सुरू होताना मोटरची बारीकशी खर्र ऐकू येते आणि पाठोपाठ बोटाला अडथळा लागतो. आवाज येतो पण अडथळा नाही, याचा अर्थ मोटर फिरतेय आणि गिअर किंवा दांडा गेलाय. आवाजही नाही, अडथळाही नाही : मोटर मेली, केबल तुटली किंवा आत काही नाहीच. अडथळा येतो पण कटकट करत निसटतो, तर चाकाचे दात झिजलेत आणि ते फार दिवस काढणार नाही. ट्रिगर सैल होऊन लोंबतंय, वर परतच येत नाही, ही तक्रार मात्र निराळी. ती परत आणणारी स्प्रिंग तुटलेली असते. सुरुवातीच्या कंट्रोलरमध्ये हे बरंच झालं. स्प्रिंग स्वस्तात बदलता येते, तेवढ्यासाठी चांगला माल सोडू नका, फक्त भाव पाडून घ्या. आणि कंट्रोलर बंद असताना ट्रिगर कडक लागत असेल, तर 'बघा किती रेझिस्टन्स आहे' या बोलण्याला भुलू नका. बंद कंट्रोलरच्या ट्रिगरला फक्त स्प्रिंगचा हलका जोर असतो, गेमने सांगितल्याशिवाय मोटर बोटाला अडवत नाही.

बाहेरच्या खुणांवर फार वेळ घालवायला नको, तरी दोन उपयोगी आहेत. अस्सल कवचाच्या पाठीवरचा खरखरीतपणा म्हणजे प्लेस्टेशनचे त्रिकोण, वर्तुळ, फुली, चौकोन यांची चिमुकली नक्षी असते. फोनचा कॅमेरा झूम करून बघा, नकलीवर ते नुसते ठिपके किंवा गिचमीड दिसते. दुसरी खूण वजनाची. अस्सल साधारण २८० ग्रॅमचा, मोटरी नसलेला हातातच हलका लागतो, आणि स्वयंपाकघरातला काटा खोटं बोलत नाही. कंट्रोलर उघडला गेलाय का हे कळायला मधली काळी पट्टी बघा. ती काढल्यावर दोन स्क्रू मुठींपाशी आणि दोन एल१-आर१च्या, म्हणजे ट्रिगरच्या वरच्या बटणांच्या, टोप्यांखाली, असे चार स्क्रू काढूनच कवच उघडतं. पट्टीच्या कडेला ओरखडे आणि एल१ किंवा आर१ खुळखुळतंय, म्हणजे कुणीतरी आत जाऊन आलंय. उघडणं हा गुन्हा नाही. 'कधी उघडलेलाच नाही' असं सांगून असे ओरखडे दिसले, तर ते खोटं आहे.

नवा म्हणून घेत असाल तर खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापलेला किंवा चिकटवलेला हवा. आयात केलेल्या पॅकबंद मालाला आपल्याकडे हे बंधनकारक आहे. कुरियरने येत असेल तर ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे कुरियरवाल्यासमोर खोकं उघडून बघायची सोय, निवडा, नाहीतर पार्सलवरच्या लेबलपासून ट्रिगरच्या चाचणीपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा. मध्ये कापलेला व्हिडिओ दाखवून परतावा मागताना भांडण होतं. पाचशे रुपये 'टोकन' आधी मागणाऱ्याला नमस्कार करावा.

पैसे गेलेच, तर यूपीआयने दिलेल्या रकमेसाठी लगेच १९३०ला फोन करा आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढे फिरण्याआधी खातं गोठवलं गेलं तर आशा असते, म्हणून इथे तासांचा हिशेब आहे. दुकानातून किंवा ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. घरातला जुना कंट्रोलर विकणाऱ्या खासगी माणसाच्या बाबतीत ग्राहक कायद्याचा आधार मिळणं कठीण, तिथे भेटीतली तपासणी हीच काय ती सोय.

राहिला दुरुस्तीतला डाव, ज्यात घरचा अस्सल कंट्रोलरच निकामी होऊन परत येतो. स्प्रिंग तुटली म्हणून तो दुकानात दिला जातो. कारागीर स्प्रिंग बदलतो, पण जोडताना रिबन केबल फाटते किंवा दांडा मोडतो, आणि न सांगता तो तसाच बंद करून देतो. कधी चांगलं ट्रिगर मॉड्यूल काढून घेऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकलं जातं. ट्रिगर दाबलं जातं, परतही येतं, म्हणून गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतो. कंट्रोलर दुरुस्तीला देण्याआधी दोन्ही ट्रिगरच्या चाचणीचा व्हिडिओ दुकानदारासमोर काढा, पावतीवर 'दोन्ही अ‍ॅडाप्टिव्ह ट्रिगर चालू' एवढे शब्द लिहून घ्या, आणि घेताना तीच चाचणी त्याच काउंटरवर परत करा. बदललेला जुना भाग मागून घ्या. तुटलेली स्प्रिंग असेल तर ती देताना कुणी कां-कू करत नाही.